अठरा मुक्कामांचा हिवाळा : दक्षिण युरोपातील मोटरहोम-प्रवासाचे नियोजन

१. प्रश्नाची मांडणी

दरवर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ब्रिटन, जर्मनी आणि नेदरलँड्समधली मोटरहोम दक्षिणेची वाट धरतात. स्पेनमध्ये शिरल्यावर त्यांचा एक हमरस्ता म्हणजे सालामान्का, कासेरेस, मेरिदा या शहरांवरून सेव्हिलला जाणारा ए-६६. याच पट्ट्यातून शतकानुशतके मेंढपाळ लेओनच्या डोंगरांतले कळप एस्त्रेमादुराच्या हिवाळी कुरणांकडे उतरवत. दहावा अल्फोन्सो या राजाने १२७३मध्ये त्यांच्या ‘मेस्ता’ या संघाला सनद दिली. त्यांच्या मोठ्या वाटांची रुंदी ९० वारा, म्हणजे सुमारे ७५ मीटर, ठरलेली होती. आपल्या धनगरासारखाच हा मेंढपाळ निघण्याआधी एक हिशेब करी : कुठल्या माळावर किती दिवसांचा चारा आहे?

मोटरहोमवाले बहुधा उलट्या टोकाने सुरुवात करतात. आधी प्रेक्षणीय स्थळांची यादी होते, मग नकाशावर रेघ ओढली जाते आणि सामान शेवटी भरले जाते. पुढील विवेचनाचे प्रतिपादन असे की, हिवाळी प्रवासात मार्ग हा निर्णयाचा आरंभ नसतो, तो निष्कर्ष असतो. दिवस, वजन, ऊर्जा व पाणी, आणि थांबण्याची जागा या चार गोष्टी मोजक्याच मिळतात. त्यांचा हिशेब मांडला की मार्ग आपोआप उरतो. उदाहरणासाठी दोन माणसे, साडेतीन टनांची गाडी आणि कॅले बंदरातून प्रस्थान एवढे गृहीत धरू.

२. दिवस

शेंगेन क्षेत्राबाहेरच्या नागरिकाला कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसच तिथे राहता येते. १ जानेवारी २०२१पासून ब्रिटिश पासपोर्टधारकही या नियमाखाली आले. लंडनमध्ये स्थायिक झालेल्या, पण भारतीय पासपोर्ट असलेल्या मराठी कुटुंबाला त्याखेरीज शेंगेन व्हिसाही लागतो, आणि दिवसांची मर्यादा तीच. जर्मनीचा निवासपरवाना असणाऱ्याला जर्मनीत दिवस मोजावे लागत नाहीत. पण शेंगेनमधल्या इतर देशांत मिळून त्यालाही १८० दिवसांत ९०च मिळतात.

मोजणीत प्रवेशाचा आणि निर्गमनाचा असे दोन्ही दिवस धरतात. १ डिसेंबरला कॅलेला उतरलेल्या माणसाचे ९० दिवस बरोबर २८ फेब्रुवारीला संपतात. फ्रान्समधून नुसते जाण्यात गेलेले दिवसही त्यातच. ऑक्टोबर २०२५पासून सीमेवर शिक्क्याऐवजी बोटांचे ठसे आणि चेहऱ्याची नोंद घेणारी संगणकीय पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे. एखादा शिक्का अस्पष्ट उमटला म्हणून निभावून जाण्याचे दिवस त्यामुळे सरले.

नव्वदपेक्षा जास्त दिवस हवे असतील तर मधला काळ क्षेत्राबाहेर काढावा लागतो. पूर्वी क्रोएशियात मुक्काम हलवता येई. २०२३मध्ये तोही शेंगेनमध्ये आला. पूर्वेला अल्बानिया, माँटेनेग्रो आणि तुर्कस्तान उरले, पश्चिमेला मोरोक्को. जिब्राल्टरची सामुद्रधुनी सर्वांत अरुंद जागी १४ किलोमीटरच आहे. मात्र पलीकडे गाडीचा विमा लागू आहे का, हे निघण्याआधीच विमापत्रात वाचून घ्यायला हवे.

३. वजन

सामान्य बी वर्गाच्या परवान्यावर ३,५०० किलोपर्यंतचे वाहन चालवता येते. हा आकडा रिकाम्या गाडीचा नव्हे, भरलेल्या गाडीचा. समजा, कारखान्याच्या कागदावर गाडीचे ‘चालू स्थितीतले’ वजन ३,०५० किलो आहे. ४५० किलोची मोकळीक दिसते. या वजनात ७५ किलोचा चालक आणि जवळजवळ भरलेली इंधनटाकी धरलेली असते; पिण्याच्या पाण्याचे मात्र काही उत्पादक २०च लिटर धरतात. टाकी शंभर लिटरची असेल तर भरताच ८० किलो गेले. जोडीदाराचे ७० गेले. दोन विजेच्या सायकली आणि त्यांचा स्टँड ६५, बाहेरची छत्री ३०, जादा बॅटरी २५, सोलर पॅनेल व तारा २०. उरले १६०. त्यात तीन महिन्यांचे कपडे, भांडी, धान्य, हत्यारे, बर्फासाठी टायरच्या साखळ्या आणि दुसरा सिलिंडर बसवायचा.

सायकली मागे टांगल्या की भार मागच्या आसावर पडतो. एकूण वजन मर्यादेत असूनही एकट्या आसाचा भार ओलांडलेला असू शकतो. म्हणून सगळे सामान भरून, माणसे बसवून, गाडी वजनकाट्यावर न्यावी आणि पुढचा व मागचा आस वेगवेगळा तोलून घ्यावा.

४. ऊन, गॅस आणि पाणी

दक्षिणेकडे जायचे ते उन्हासाठी, पण त्या उन्हाची ताकद पुष्कळांनी मोजलेली नसते. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात मालागाला भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम ३० अंश वर येतो. लंडनला तो १५ अंशांवर असतो, मुंबईला सुमारे ४७. छतावर आडव्या ठेवलेल्या पॅनेलवर तिरपे किरण पडतात. ३० अंशांवर त्यांची तीव्रता सरळ किरणांच्या निम्मीच भरते. त्यात दिवस साडेनऊ तासांचा. म्हणून २०० वॉटचे पॅनेल अशा दिवसांत, आकाश निरभ्र असले तरी, ३०० ते ४०० वॉट-तासच देते. दिवे, पाण्याचा पंप, हीटरचा पंखा, फोन आणि लॅपटॉप मिळून खर्च ६०० धरला, तर रोज अडीचशेची तूट. शंभर अँपिअर-तासांच्या लिथियम बॅटरीतले सुमारे १,१०० वॉट-तास वापरता येतात, म्हणजे चार दिवस. त्याच क्षमतेची शिसे-आम्लाची बॅटरी निम्म्याखाली उतरवणे बरे नसते. ती दोन दिवसांत दमते. मग इंजिन चालवून बॅटरी भरावी लागते, म्हणजे पुढच्या गावी जावे लागते.

गॅसचे शास्त्र वेगळे. ब्युटेन शून्याच्या किंचित खाली, उणे अर्ध्या अंशाला उकळतो. प्रोपेन उणे ४२ला. स्पेनमध्ये घरोघरी दिसणाऱ्या साडेबारा किलोच्या नारिंगी सिलिंडरमध्ये ब्युटेन असतो. समुद्रकिनारी तो उत्तम चालतो. पण बुर्गोस आणि सालामान्काचे पठार आठशे मीटरांच्या आसपास उंच. तिथल्या गोठवणाऱ्या रात्री तोच सिलिंडर अर्धा भरलेला असूनही शेगडी पेटत नाही, कारण द्रवाची वाफ होत नाही. म्हणून पठारासाठी प्रोपेन लागतो. सिलिंडरचे जोड देशागणिक बदलतात. पंपावर भरण्याची टाकी बसवलेली असली तरी इटलीचा आणि स्पेनचा जोड निराळा असल्याने दोन्ही अडॅप्टर जवळ हवेत.

पाण्याचा हिशेब सोपा आहे. शंभर लिटर, दोघांना रोज २५ लिटर, चार दिवस. शौचालयाची कॅसेट १८ ते २० लिटरची. ती तिसऱ्या दिवशी भरते, जादा कॅसेट असेल तर अधिक टिकते. वीज, पाणी आणि मैला हे तीन निराळे हिशेब अशा रीतीने एकाच आकड्याशी येऊन मिळतात : एका मुक्कामाचे नैसर्गिक आयुष्य तीन ते चार दिवसांचे.

यावर आक्षेप येईल की वीजजोडणीच्या कॅम्पिंगमध्ये ही बंधने उरत नाहीत. खरे आहे, पण तिथेही काही जागी सहाच अँपिअर मिळतात. २३० व्होल्टला त्याचे १,३८० वॉट झाले. घरून आणलेली दोन हजार वॉटची चहाची किटली लावताच फ्यूज उडतो आणि पावसात कॅम्पिंगच्या कचेरीकडे चालत जावे लागते. शिवाय अशा कॅम्पिंगांत महिन्याचा दर रोजच्या दरापेक्षा बराच स्वस्त पडतो, त्यामुळे माणूस एकाच जागी जास्त रमतो. मुक्कामांची संख्या त्याने घटते, वाढत नाही.

५. पाऊस आणि प्रदेशाची निवड

मराठी वाचकाच्या मनातला हिवाळा कोरडा असतो. भूमध्य समुद्राकाठी उन्हाळा कोरडा आणि पाऊस हिवाळी. तेव्हा प्रदेश निवडताना तापमानाइतकाच पाऊसही पाहावा लागतो. अटलांटिकवरून येणारे ढग आंदालुसियाच्या पश्चिमेला ग्रासालेमाच्या डोंगरावर अडतात. तिथे वर्षाला सुमारे दोन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. सिएरा नेवादाच्या पलीकडे, पर्जन्यछायेत, आल्मेरियाला मिळतो जेमतेम दोनशे. घाटमाथा आणि माणदेश यांच्यातला हाच फरक. ग्रीसमध्येही पश्चिमेचे कोर्फू बेट भिजते, तर अथेन्सला त्याच्या निम्म्याहून कमी पाऊस होतो. शिवाय तिथली पुष्कळशी कॅम्पिंग हिवाळ्यात बंद असतात. सिसिलीचा किनारा सौम्य आहे, पण तिथे पोचायला सारी इटली उतरून मेस्सिनाची फेरी घ्यावी लागते. पहिल्या खेपेसाठी आल्मेरिया-मुर्सियाचा कोरडा किनारा आणि जोडीला पोर्तुगालचे अल्गार्व्ह, ही निवड त्यामुळे सर्वांत सुरक्षित ठरते.

कोरड्या प्रदेशाचा एक धोका मात्र नजरेत भरत नाही. आग्नेय स्पेनमध्ये ‘रांब्ला’ म्हणतात ते कोरडे ओढे जागोजाग आहेत : सपाट, वाळूचे, वाऱ्यापासून आडोशाचे. मोटरहोम उभी करायला जागा मोहात पाडणारी. डोंगरात पाऊस झाला की माथ्यावर निळे आकाश असतानाही तिथे पाण्याचा लोंढा येऊ शकतो. २९ ऑक्टोबर २०२४ रोजी व्हॅलेन्सिया प्रांतात अशाच ओढ्यांनी गावांत पाणी घातले आणि दोनशेहून अधिक माणसे दगावली. कोरड्या पात्रात गाडी कधीही लावू नये.

६. रस्ता आणि थांबा

कॅले ते स्पेनचे दक्षिण टोक तारिफा, बोर्दो-बुर्गोस-सालामान्का-सेव्हिलमार्गे, सुमारे २,२०० किलोमीटर. हिवाळ्याचा दिवस आखूड असतो आणि अंधारात अनोळखी जागा शोधणे त्रासाचे. रोज अडीचशे किलोमीटर धरले तर जायला नऊ दिवस, यायला नऊ. फ्रान्सच्या मध्यातून जाणारा ए-७५ बहुतांशी टोलमुक्त, पण अकराशे मीटरांवर चढतो. फ्रान्समध्ये १ नोव्हेंबर ते ३१ मार्च ठरावीक डोंगराळ भागांत हिवाळी टायर किंवा साखळ्या सक्तीच्या आहेत; इटलीतही बऱ्याच रस्त्यांवर १५ नोव्हेंबर ते १५ एप्रिल तसाच नियम लागू असतो.

थांबण्याचे कायदे देशोदेशी निराळे. स्पेनमध्ये ‘उभे राहणे’ आणि ‘तळ टाकणे’ यांत भेद करतात. जिथे गाड्या लावायला परवानगी आहे तिथे मोटरहोम लावून आत झोपता येते. पण छत्री उघडली, खुर्ची मांडली किंवा पाण्याचा थेंब बाहेर सोडला की तो तळ झाला आणि दंड लागू शकतो. पोर्तुगालमध्ये २०२१च्या दुरुस्तीनंतर संरक्षित निसर्गक्षेत्रांबाहेर एका नगरपालिकेच्या हद्दीत ४८ तासांपर्यंत रात्रीचा थांबा चालतो. ग्रीसमध्ये मोकळ्यावर तळ टाकायला बंदीच आहे. चार दिवसांचा मुक्काम म्हणजे व्यवहारात मोटरहोमसाठी राखलेली जागा : फ्रान्समधली ‘एर’, इटलीतली ‘सोस्ता’, स्पेनमधली ‘आरेआ’. तिथे स्वच्छ पाणी भरण्याची आणि सांडपाणी सोडण्याची सोय बहुधा असते.

७. निष्कर्ष

आता बेरीज करू. नव्वद दिवसांतून येण्या-जाण्याचे अठरा वजा केले की बहात्तर उरतात. चार दिवसांचा एक मुक्काम धरला तर अठरा मुक्काम. पाऊस, गाडीची दुरुस्ती, आजारपण यांसाठी दोन राखून ठेवले तर सोळा. चाळीस शहरांची यादी घेऊन बसलेल्या जोडप्याला हा आकडा छोटा वाटेल. तो खर्चाने वाढत नाही आणि हौसेनेही नाही, कारण तो कायदा, सूर्याची उंची आणि टाकीचे आकारमान यांनी ठरवला आहे. म्हणून नियोजनाचा क्रम असा ठेवावा : प्रथम पासपोर्ट आणि दिनदर्शिका, मग वजनकाटा, मग बॅटरी-गॅस-पाण्याचा तक्ता, त्यानंतर पावसाचा नकाशा. रस्त्यांचा नकाशा सर्वांत शेवटी उघडावा आणि त्यावर अठराहून अधिक खुणा करू नयेत.