गोठ्यात शॉक बसला तरी एमसीबी का पडत नाही?

धुऊन ओली झालेली फरशी, डोक्यावर पत्रा, हातात दूध काढणी यंत्र आणि अनेकदा पाय अनवाणी. गोठ्यात काम करणाऱ्यांचा दिवस असाच सुरू होतो. "बोर्डात एमसीबी आहे, मग काळजी कसली?" असं अनेकांना वाटतं. पण एमसीबी माणसाला शॉकपासून वाचवण्यासाठी नसतोच. मग जीव वाचवतं काय?

एमसीबी का पडत नाही?

एमसीबीचं काम वायरिंग वाचवणं. जास्त लोड आला किंवा शॉर्ट सर्किट झालं की तो पडतो.

आता साधं गणित बघा. आपल्याकडे सिंगल फेजला २३० व्होल्ट असतात. भिजलेल्या शरीराचा विरोध सुमारे १००० ओहमपर्यंत खाली येऊ शकतो. म्हणजे शरीरातून वाहणारा करंट ०.२३ अँपिअर, अर्थात २३० मिलिअँपिअर. हृदयाची लय बिघडायला याहून कितीतरी कमी करंट पुरतो. पण १६ अँपिअरच्या एमसीबीसाठी हा किरकोळ लोड आहे. माणूस चिकटून राहतो आणि एमसीबी चालूच राहतो.

गोठ्यात धोका कुठे असतो?

- कडबा कुट्टी आणि पाण्याची मोटर: आतली वायर उघडी पडली आणि अर्थिंग नसेल, तर यंत्राच्या लोखंडी भागात करंट उतरतो.
- पत्रा आणि लोखंडी पाइप: घासलेली किंवा उंदरांनी कुरतडलेली वायर टेकली, तर अख्ख्या शेडमध्ये करंट येऊ शकतो.
- बोर्ड आणि जोड: ओल आणि शेण-मूत्रातून निघणाऱ्या अमोनियामुळे ते लवकर गंजतात.
- टेप गुंडाळलेली एक्स्टेंशन वायर: ती ओल्या फरशीवर पडलेली असते आणि जनावरांच्या खुरांखाली येते.

मग उपाय काय?

आरसीसीबी. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत येतो का, हे तो तपासतो. थोडा करंट शरीरातून जमिनीत गेला, तर हिशेब चुकतो आणि आरसीसीबी क्षणार्धात पुरवठा तोडतो. माणसांच्या सुरक्षेसाठी ३० मिलिअँपिअरचा घ्या. एमसीबी काढू नका, दोन्ही हवेत. आरसीसीबीवरचं 'टेस्ट' बटण महिन्यातून एकदा दाबा. तो पडला नाही, तर लगेच बदलून घ्या.

"सारखा पडतो" म्हणून अनेक जण तो काढून टाकतात. पण तो पडतोय, याचा अर्थ बहुतेक वेळा कुठेतरी करंट गळतोय. आधी ती जागा शोधा.

मात्र एका हातात फेज आणि दुसऱ्यात न्यूट्रल आलं, तर आरसीसीबीलाही ते कळत नाही. म्हणून दुरुस्तीआधी मेन स्विच बंद करायलाच हवा.

अर्थिंग. प्रत्येक मोटर आणि यंत्राला थ्री पिन किंवा स्वतंत्र अर्थ वायर हवी. परवानाधारक वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या.

जनावरंही इशारा देतात

माणसाला जाणवणार नाही इतका कमी व्होल्टेजही गाई-म्हशींना त्रास देतो. जनावर पाण्याच्या हौदाला तोंड लावायला कचरतं, ठरावीक जागी जात नाही किंवा धारेच्या वेळी अचानक लाथा झाडतं? आजारासोबत करंटची शक्यताही तपासा. यंत्राला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, तर ते लगेच बंद करा.

कुणाला शॉक बसलाच तर?

१. त्याला हात लावू नका. आधी मेन स्विच बंद करा.
२. ते शक्य नसेल, तर कोरड्या जागी उभं राहून कोरड्या लाकडाने वायर बाजूला करा. ओली काठी किंवा लोखंडी पाइप वापरू नका.
३. १०८ वर फोन करा.
४. श्वास थांबला असेल, तर छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० वेळा जोरात दाब द्या. मदत येईपर्यंत थांबू नका.
५. माणूस शुद्धीवर असला, तरी डॉक्टरांना दाखवा. हृदयाचा त्रास नंतरही उद्भवू शकतो.

तारा खांबावरून तुटून पडल्या असतील, तर जवळ जाऊ नका आणि काठीनेही हलवू नका. १९१२ वर वीज कंपनीला कळवा.

तुमच्या गोठ्याच्या बोर्डात 'टेस्ट' बटण आहे का? आजच बघा. आणि धार काढणाऱ्या प्रत्येकाला मेन स्विच कुठे आहे, ते दाखवून ठेवा.