स्त्री-पुरुष आरोग्यभेद (निपाणी–बेळगाव सीमाभाग)

प्रौढ स्त्रिया व पुरुष यांचे आयुर्मान, आजार आणि जीवनमान यांत आढळणारी तफावत. भारतात २०१४–१८ या काळात अपेक्षित आयुर्मान पुरुषांचे ६८.२, तर स्त्रियांचे ७०.७ वर्षे होते. बाई जास्त जगते, पण अधिक दुखणी सोसत जगते, असे जगभर दिसते. निपाणीत या भेदाला तंबाखूची जोड आहे.

निपाणी ही बेळगाव जिल्ह्यातील तंबाखूची जुनी बाजारपेठ. शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली १९८१ मध्ये येथे झालेले तंबाखू उत्पादकांचे आंदोलन सर्वांना आठवते. तंबाखूच्या वखारींत राबणाऱ्या बायका मात्र फारशा कोणाला आठवत नाहीत. त्यांच्या संघटनेवर ‘युगांतर’ या गटाने १९८२ मध्ये माहितीपट केला. तंबाखू ओढणारे बहुतेक पुरुष. तो चाळणाऱ्या, पाखडणाऱ्या आणि विड्या वळणाऱ्या बहुतेक बायका. पुरुषाला हृदयविकार, फुप्फुसाचे विकार आणि तोंडाचा कर्करोग गाठतात व त्याचे आयुष्य तोडतात. वखारीतल्या बाईला भुकटीने ठसका लागतो, दम लागतो, डोळे चुरचुरतात. ओली पाने हाताळताना निकोटिन कातडीतून शरीरात जाते आणि मळमळ, चक्कर येते. घरी विड्या वळणारी मांडी घालून, मान खाली घालून तासन्‌तास बसते. कंबर, मान, गुडघे धरतात. मजुरी हजार विड्यांवर ठरते, म्हणून दुखणे अंगावर काढले जाते.

२०१६–१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात भारतातील ४२.४ टक्के पुरुष आणि १४.२ टक्के स्त्रिया तंबाखूचे सेवन करणाऱ्या आढळल्या. मिश्री लावणारी बाई या गणतीत येते. न खाता-ओढता दिवसभर तंबाखूत बसणारी येत नाही. निपाणीचे आरोग्य केवळ सेवनाच्या आकड्यांवरून जोखणे म्हणूनच चुकीचे आहे.

त्यात रक्तक्षयाची भर. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी होत्या. पुरुष २५ टक्के.

बाळंतपणाबाबत या जिल्ह्याने जगाला उपयोगी काम दिले. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाच्या सहभागाने खेड्यांतील १,६२० स्त्रियांवर झालेला अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मिसोप्रोस्टॉल या औषधाच्या गोळ्यांमुळे प्रसूतीनंतरच्या अतिरक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आले. मात्र बाळंतपण सरल्यानंतरच्या तीस-चाळीस वर्षांकडे असे लक्ष गेलेले नाही.

जागतिक आरोग्य संघटनेची २६ प्रश्नांची जीवनमान प्रश्नावली वेदना, झोप, पैसा, घर, प्रवासाची सोय अशा गोष्टी विचारते. सीमाभागात यांतला प्रवास कळीचा आहे. मोठ्या उपचारासाठी निपाणीकर कोल्हापूर-मिरजेकडे वळतात. पुरुष एकटा बसने जातो, बाईला सोबत आणि बुडणारी मजुरी दोन्ही पाहावी लागतात. महाराष्ट्राने २०२३ मध्ये महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना कर्नाटकातील सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू केली, तेव्हा कर्नाटकाने तिला आक्षेप घेतला.

विड्या वळणाऱ्या बायकांना कायद्याचाही आधार होता. १९६६ चा विडी कामगार कायदा घरी विड्या वळणाऱ्यांनाही लागू होता. विडी कामगारांसाठीच्या १९७६ च्या कल्याण निधीतून दवाखाने निघाले. त्या निधीचा उपकर २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आल्यावर बंद झाला.