डिस्प्ले नेम बदलले की नेमके काय बदलते?

सोशल मीडियावरच्या खात्याला बहुतेक ठिकाणी दोन नावे असतात. पोस्टच्या डोक्यावर ठळक अक्षरांत दिसते ते डिस्प्ले नेम. त्याच्या खाली किंवा शेजारी, @ या खुणेनंतर असते ते युजरनेम. युजरनेम म्हणजे गाडीची नंबर प्लेट. एक नंबर एकाच गाडीला मिळतो. डिस्प्ले नेम म्हणजे गाडीच्या मागच्या काचेवर लिहिलेले 'आईवडिलांचा आशीर्वाद'. ते हवे तेव्हा पुसून दुसरे लिहिता येते आणि त्याच ओळीच्या शंभर गाड्या रस्त्यावर धावू शकतात. हा फरक लक्षात न घेतल्याने नाव बदलताना बऱ्याच जणांचा गोंधळ होतो, आणि दुसऱ्याचे नाव पाहून फसगतही होते.

१७ मार्च २०१९ रोजी नरेंद्र मोदी यांनी ट्विटरवरील आपल्या नावाआधी 'चौकीदार' हा शब्द जोडला. पाठोपाठ भाजपचे अनेक नेते आणि असंख्य समर्थक रातोरात चौकीदार झाले. २३ मे रोजी निकाल लागले आणि मोदींनी तो शब्द काढला. या सगळ्या काळात त्यांचे युजरनेम तेच होते. त्यामुळे त्यांचे फॉलोअर तसेच राहिले आणि जुन्या लिंकही चालू राहिल्या. वर दिसणारे नाव तेवढे बदलले होते.

कुठे, किती वेळा?

एक्सवर म्हणजे पूर्वीच्या ट्विटरवर प्रोफाइल संपादित करताना नावाचा रकाना दिसतो. तिथे ५० चिन्हांपर्यंत काहीही लिहिता येते. निळी खूण असलेल्या खात्याने नाव बदलले, तर तपासणी होईपर्यंत ती खूण काढून घेतली जाते. इन्स्टाग्रामवर १४ दिवसांत दोनदाच नाव बदलता येते. यूट्यूबच्या चॅनेललाही हाच हिशोब लागू आहे, आणि चॅनेलला पडताळणीची खूण असेल तर नाव बदलताच ती जाते.

व्हॉट्सॲपचे गणित वेगळे आहे. तिथे २५ चिन्हांची मर्यादा आहे, पण आपण लिहिलेले नाव सगळ्यांना दिसत नाही. ज्यांनी आपला नंबर मोबाइलमध्ये जतन केला आहे, त्यांना त्यांनी जतन केलेलेच नाव दिसते. मग ते 'प्लंबर नवीन' असो किंवा 'बंड्या ऑफिस'. आपण निवडलेले नाव दिसते ते नंबर जतन न केलेल्यांना, आणि तेही ~ अशी नागमोडी खूण लावून. ही खूण म्हणजे एक प्रकारे सूचनाच आहे, की हे नाव त्या माणसाने स्वतः लिहिले आहे.

देवनागरीत नाव लिहिणाऱ्यांना मर्यादा लवकर संपल्याचे जाणवू शकते. 'ज्ञानेश्वर' हा शब्द डोळ्यांना चार अक्षरांचा वाटतो. पण युनिकोडमध्ये काना, मात्रा आणि जोडाक्षरांतला हलंत ही वेगळी चिन्हे असल्याने तो दहा चिन्हांचा होतो.

फेसबुकला खरे नाव हवे

नावाबाबत सर्वात कडक आहे ते फेसबुक. अकाउंट्स सेंटरमध्ये जाऊन आपले प्रोफाइल निवडले की नाव बदलता येते, मात्र एकदा बदलल्यावर पुढचे ६० दिवस पुन्हा हात लावता येत नाही. त्यामुळे गंमत म्हणून मित्राचे नाव लावले, तर दोन महिने तेच घेऊन फिरावे लागू शकते. नावात आकडे, चित्रविचित्र चिन्हे किंवा पदव्या चालत नाहीत. अर्धे नाव देवनागरीत आणि अर्धे रोमनमध्ये अशी सरमिसळही चालत नाही. रोजच्या व्यवहारात लोक ज्या नावाने ओळखतात तेच नाव असावे असा नियम आहे, आणि शंका आली तर फेसबुक ओळखपत्र मागू शकते.

पण रोजच्या व्यवहारातले नाव आणि कागदावरचे नाव एकच नसेल तर? नोव्हेंबर २०११मध्ये लेखक सलमान रश्दी यांचे खाते तोतया समजून बंद झाले. त्यांनी पासपोर्ट दाखवला. त्यावर पहिले नाव 'अहमद' होते, म्हणून खाते 'अहमद रश्दी' या नावाने सुरू झाले. जग त्यांना त्यांच्या मधल्या नावाने ओळखते, हे कुणाच्या लक्षात आले नाही. रश्दींनी ट्विटरवर जाहीर टीका केल्यावर त्यांचे नाव परत मिळाले. २०१४मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतील ड्रॅग कलाकारांची खाती याच नियमाखाली बंद होऊ लागली. मोठा विरोध झाल्यावर कंपनीला माफी मागावी लागली. खरे नाव म्हणजे कागदावरचेच नाव असा आपला अर्थ नाही, हे कंपनीला तेव्हा जाहीरपणे सांगावे लागले.

मराठी माणसालाही हा प्रश्न परका नाही. कागदावर स्वतःचे, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव असा तीन डब्यांचा प्रवास असतो. गावात मात्र माणूस 'अण्णा' किंवा 'बाळासाहेब' म्हणूनच ओळखला जातो. फेसबुकवर अशा टोपणनावासाठी आणि माहेरच्या नावासाठी 'इतर नावे' अशी वेगळी सोय आहे.

लग्नानंतर नाव बदलणाऱ्या स्त्रियांनी ही सोय जरूर वापरावी. पाटीलची देशमुख झाली की शाळेतल्या मैत्रिणी 'पाटील' म्हणूनच शोधत राहतात आणि त्यांना कुणी सापडत नाही. माहेरचे नाव सोबत ठेवले तर ही अडचण टळते. उलट, घटस्फोटानंतर किंवा कुणाचा त्रास टाळण्यासाठी नाव बदलले असेल, तर केवळ डिस्प्ले नेम बदलून भागत नाही. जुन्या पोस्टवरही आता नवे नाव दिसते हे खरे, पण युजरनेममध्ये आणि प्रोफाइलच्या लिंकमध्ये जुने आडनाव तसेच राहते. लोकांनी कमेंटमध्ये हाताने लिहिलेले नाव आणि जुने स्क्रीनशॉटही बदलत नाहीत. अशा वेळी युजरनेमही बदलावे लागते. ते बदलल्यावर जुन्या लिंक तुटतात आणि सोडलेले युजरनेम पुढे दुसरा कुणी घेऊ शकतो, हेही ध्यानात ठेवावे लागते.

आधार, पॅन किंवा बँकेच्या खात्यातल्या नावाशी या कशाचाही संबंध नाही. कायदेशीर नाव बदलण्यासाठी राजपत्राचा मार्ग वेगळाच आहे.

दुसऱ्याने तुमचे नाव लावले तर

डिस्प्ले नेम कुणीही काहीही ठेवू शकतो, आणि फसवणूक करणारे नेमका याचाच फायदा घेतात. नोव्हेंबर २०२२मध्ये ट्विटरने पैसे भरणाऱ्याला निळी खूण द्यायला सुरुवात केली. लगेच कुणीतरी 'एली लिली' या अमेरिकी औषध कंपनीचे नाव लावून 'इन्सुलिन आता मोफत' असे जाहीर केले. नाव बरोबर होते, निळी खूणही होती, युजरनेम मात्र कंपनीचे नव्हते. खऱ्या कंपनीला माफी मागत खुलासा करावा लागला. आता विडंबनासाठी चालवलेल्या खात्याने नावातच तसे लिहिले पाहिजे, असा एक्सचा नियम आहे.

आपल्याकडचा प्रकार अधिक साधा आहे. ओळखीच्या माणसाचा फोटो आणि नाव लावून नवे खाते उघडायचे, मग त्याच्या मित्रांना 'अडचणीत आहे, थोडे पैसे पाठव' असा मेसेज करायचा. अधिकारी आणि प्राध्यापकांच्या नावांनीही हे चालते. अशा वेळी नावावर बोट ठेवून युजरनेम वाचावे. इन्स्टाग्रामवर 'या खात्याविषयी' या पर्यायात खाते कधी उघडले ते दिसते. काल उघडलेले खाते दहा वर्षांच्या मित्राचे असण्याची शक्यता कमीच. फेसबुक पेजच्या 'पेज ट्रान्सपरन्सी'मध्ये तर आधीची नावेही मिळतात. देवाच्या फोटोंवर लाइक गोळा करून पुढे दुकान झालेली पेजेस तिथे ओळखू येतात.

संगणक किंवा मोबाइल वापरून दुसऱ्याच्या नावाने फसवणूक करणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ड खाली गुन्हा आहे. त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करावा. पैसे पुढच्या खात्यांत फिरण्याआधी तक्रार पोहोचली, तरच ते रोखण्याची संधी असते.