भूमीतील रौप्यमुद्रा

गोदावरी ही आपल्या जालना जिल्ह्याची दक्षिण सीमा. याच नदीकाठी, नाशिकनजीक जोगलटेंभी येथे १९०६ साली चांदीची १३,००० हून अधिक नाणी सापडली. क्षत्रप नहपानाच्या या नाण्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा उमटविला होता. सातवाहनांच्या विजयाचा तो भक्कम पुरावा ठरला. तीच नाणी मुशीत वितळली असती तर हा पुरावा कायमचा नष्ट झाला असता. १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार १० रुपयांहून अधिक किमतीचा भूमिगत ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांस कळविणे बंधनकारक आहे. शासनाने तो घेतल्यास मोबदल्याची तरतूदही आहे. म्हणून नांगराला वा धातुशोधक यंत्राला लागलेले नाणे शेतकरी बंधूंनी न घासता, जागेच्या नोंदीसह सादर करावे, ही नम्र विनंती.