फोटोत नसलेला माणूस

उलव्यात आमच्या इमारतीच्या गच्चीवरून पूर्वी एक डोंगर दिसत असे. सह्याद्रीच्या हिशेबात त्याला डोंगर म्हणावे की टेकडी, यावर वाद घालता येईल. उंची जेमतेम नव्वद मीटर. नवी मुंबई विमानतळासाठी तो सुरुंग लावून फोडला गेला. त्याचा दगड खाडीकाठच्या भरावात गेला, उलवे नदीचे पात्र वळवले गेले आणि उलवे, तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरी अशा दहा गावांतली घरे उठून दुसरीकडे वसली. आता तिथून विमाने उडतात.

डोंगर जात होता तेव्हा मी त्याचे फोटो काढत होतो. सकाळी गच्चीवर जायचे, त्याच कोपऱ्यात उभे राहायचे आणि एक फोटो घ्यायचा, असा नेम काही वर्षे पाळला. दोनेकशे फोटो जमले. ते मी तरघरच्या एका वृद्ध गृहस्थांना दाखवले. त्यांनी सगळे शांतपणे पाहिले आणि आपल्या आगरी बोलीत एवढेच विचारले, की डोंगर तर प्रत्येक फोटोत आहे, मग आम्ही कुठे आहोत?

माझ्याकडे उत्तर नव्हते. मी इतिहासाचा पदवीधर नव्हे. नोकरी सांभाळून, ग्रंथालयांत बसून जे वाचता आले तेवढीच माझी पुंजी. पण तो प्रश्न घेऊन मी घरी आलो आणि कपाटातला एक जुना अल्बम काढला. १९९४ सालचा, गोमुखचा.

तेव्हा मी पंचविशीत होतो. सेकंडहँड याशिका कॅमेरा, छत्तीस फोटोंचे चार रोल आणि 'एकट्याने हिमालय करायचा' ही जिद्द घेऊन गंगोत्रीला पोचलो होतो. गंगोत्रीपासून गोमुख अठरा किलोमीटर. वाटेत चीडवासा, मग भोजवासा. चीडवाशाच्या अलीकडेच विरळ हवेने मला गाठले. डोके ठणकू लागले, दोनदा ओकलो. मागून एक नेपाळी हमाल येत होता. त्याने न विचारता माझी पिशवी पाठीवर घेतली, भोजवाशापर्यंत नेली, रात्री गरम पाणी पाजले आणि दुसऱ्या दिवशी गोमुख दाखवून मला परत गंगोत्रीला आणून सोडले. तीन दिवस तो माझ्यासोबत होता. घरी आल्यावर मी सगळ्यांना सांगितले, एकट्याने जाऊन आलो. अल्बममध्ये चौऱ्याऐंशी फोटो आहेत. शिवलिंग शिखर आहे, भागीरथीची शिखरे आहेत, भोजपत्राची झाडे आहेत. तो एकाही फोटोत नाही. एका फोटोत खाली उजव्या कोपऱ्यात एक सावली आहे, ती त्याची असावी. त्याचे नाव मला आठवत नाही.

या लेखाचा विषय ती सावली आहे.

हिमालयातल्या छायाचित्रणाचा इतिहास सांगताना सुरुवात बहुधा सॅम्युअल बोर्नपासून होते. हा इंग्रज १८६३ साली हिंदुस्थानात आला आणि त्याच वर्षी सिमल्याहून पहाडात शिरला. पुढे १८६४ मध्ये काश्मीरकडे आणि १८६६ मध्ये तिसऱ्यांदा, या वेळी थेट गंगेच्या उगमापर्यंत. त्याच मोहिमेत मनिरंग खिंडीत, अठरा हजार फुटांच्या वर, त्याने कॅमेरा लावला. इतक्या उंचीवरचे छायाचित्र त्यानंतर वीस वर्षे कोणी घेतले नाही, असे म्हणतात.

तेव्हाचे तंत्र समजून घेतले तर या कामाचे मोल कळते. काचेवर कलोडियनचा चिकट थर ओतायचा, ती काच चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायची आणि ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची. थर वाळण्याआधी फोटो घेऊन लगेच अंधाऱ्या तंबूत तो धुवायचा. बोर्नच्या काचा बारा इंच बाय दहा इंचाच्या होत्या. काचांच्या पेट्या, रसायनांच्या बाटल्या, अंधारा तंबू, राहायचा तंबू, शिधा आणि साहेबाची दारू, हे सगळे वाहायला पहिल्याच प्रवासात तीसच्या आसपास हमाल होते. लंडनच्या छायाचित्रणविषयक नियतकालिकात बोर्नने आपल्या प्रवासाच्या हकीकती लिहिल्या. हमाल ओझी टाकून पळाले, त्यांना शोधून काठीचा प्रसाद दिला, हेही त्याने स्वतःच मोकळेपणाने लिहून ठेवले आहे. कुठल्या खिंडीची उंची किती, कुठल्या दरीत उजेड कसा, हे तो नेमके सांगतो. हमालांची नावे त्याला सांगावीशी वाटली नाहीत.

एवढ्यावरून बोर्नला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे सोपे आहे. पण मी तसे करणार नाही, कारण माझा अल्बम माझ्यासमोर उघडा आहे. त्याच्याकडे तीस माणसे होती, माझ्याकडे एक. लपवण्याची रीत सारखीच.

त्याच काळात एक माणूस खऱ्या अर्थाने जिवावर उदार होऊन हिमालय ओलांडत होता. जोहार खोऱ्यातल्या मिलम गावचा नैनसिंह रावत. ब्रिटिशांच्या सर्वेक्षण खात्याने त्याला शिकवून तयार केले आणि तो वेष पालटून तिबेटात शिरला. १८६६ च्या जानेवारीत तो ल्हासाला पोचला. त्याच्या जपमाळेत एकशे आठऐवजी शंभर मणी होते. शंभर पावलांना एक मणी ओढायचा. दोन हजार पावलांचा एक मैल धरला, की एक माळ म्हणजे पाच मैल. प्रार्थनाचक्रात मंत्रांऐवजी नोंदींचे कागद, आणि उंची मोजायला उकळत्या पाण्यात बुडवायची तापमापी. सरकारी अहवालांत गुप्ततेसाठी त्याचा उल्लेख नुसता 'पंडित' असा होई. १८७७ मध्ये लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्याला सुवर्णपदक दिले, तेव्हा पहाडातल्या एका माणसाचे नाव जगापुढे आले. त्याच्या गावातल्या बाकीच्या ओझेवाल्यांचे नाव येण्याचा प्रश्नच नव्हता.

मात्र नावांची नोंद होतच नव्हती असे नाही, आणि इथे मला माझ्याच विचाराची दिशा बदलावी लागली. कुमाऊंच्या पहाडात 'कुली बेगार' नावाची पद्धत होती. साहेब दौऱ्यावर आला, की गावाने पाळीपाळीने त्याचे ओझे वाहायचे, मजुरी नाममात्र किंवा तीही नाही. कोणाची पाळी कधी, हे गावप्रमुखाच्या वहीत लिहिलेले असे. म्हणजे बोर्नसारख्यांच्या लेखात नसलेली नावे त्या वहीत होती. १४ जानेवारी १९२१ रोजी, उत्तरायणीच्या जत्रेत, बागेश्वरला हजारो लोक जमले. बद्रीदत्त पांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या पुढाकाराने त्यांनी बेगार न करण्याची शपथ घेतली आणि त्या वह्या सरयूच्या पाण्यात सोडून दिल्या.

हे वाचून मी बराच वेळ थांबलो. आपण अभ्यासक म्हणतो, नावे जपा, नोंदी ठेवा. त्या लोकांनी आपल्या नावांच्या नोंदी स्वतःच्या हाताने बुडवल्या आणि त्यांचे बरोबर होते. नाव कशासाठी लिहिले जाते, यावर सगळे अवलंबून आहे. ओझे लादण्यासाठी लिहिलेले नाव आणि उपकार आठवण्यासाठी लिहिलेले नाव एकच अक्षरे वापरते, पण ती दोन वेगळी नावे असतात.

मग आपल्या भाषेतल्या माणसाकडे वळलो. काका कालेलकर मूळचे मराठी, जन्म साताऱ्याचा, १८८५ चा. बेळगावला शिक्षकी केली, मग बडोद्याच्या गंगनाथ विद्यालयात गेले. सरकारच्या रोषामुळे ते विद्यालय १९१२ मध्ये बंद पडले आणि कालेलकर हिमालयाकडे निघाले, पायी. बरोबर अनंतबुवा मर्ढेकर आणि स्वामी आनंद. या प्रवासावर त्यांनी पुढे गुजरातीत पुस्तक लिहिले, ते मराठीतही आले. कोडॅकचा रोल भरायचा कॅमेरा १८८८ मध्येच बाजारात आला होता, म्हणजे फोटो काढणे तेव्हा अशक्य नव्हते. पण या तिघांच्या प्रवासातून आपल्या हाती आले ते शब्द. आणि त्या शब्दांत सोबती नावानिशी आहेत. कालेलकर कधी 'मी एकटा' असा आव आणत नाहीत.

त्या काळच्या यात्रेची व्यवस्थाच तशी होती. ऋषिकेशच्या पुढे यात्रेकरू पायी चालत आणि काही मैलांवर एकेक 'चट्टी' लागे. चट्टीवरच्या दुकानदाराकडून शिधा घेतला, की भांडी आणि निजायला जागा फुकट. ज्यांना चालवत नसे, ते पहाडी माणसाच्या पाठीवरच्या 'कंडी'त बसून जात. कंडी म्हणजे टोपली. आपल्यापैकी कितीतरी घरांतल्या पणज्या अशा टोपलीत बसून बद्रिनाथाला गेल्या असतील. यात्रेहून आलेले गंगेचे गडू आपण देवघरात जपले; वाहून नेणाऱ्याची आठवण घरात कोणी सांगितल्याचे मी तरी ऐकलेले नाही.

याउलट एक उदाहरण जगाला पाठ आहे, पण आपण त्याचा अर्थ लावत नाही. २९ मे १९५३ ला एव्हरेस्टच्या माथ्यावर काढलेला तो प्रसिद्ध फोटो तेनसिंग नोर्गेंचा आहे. काढला एडमंड हिलरींनी. हिलरींचा माथ्यावरचा फोटो नाही. कॅमेरा ज्याच्या हातात, तो त्या दिवशी फोटोबाहेर राहिला आणि पहाडातला माणूस मधोमध आला. म्हणून हिलरी तिथे नव्हते असे कोणी म्हणत नाही. फोटोत नसणे म्हणजे जागेवर नसणे नव्हे, हे आपल्याला कळते. मात्र ते बहुधा साहेबाच्या बाबतीत लवकर कळते.

जुने फोटो निरुपयोगी आहेत असे मला मुळीच म्हणायचे नाही. गंगोत्री हिमनदीचे मुख १९३५ मध्ये भूगर्भशास्त्रज्ञ जे. बी. ऑडन यांनी नकाशावर आणले. तेव्हापासून ते एक किलोमीटरहून अधिक मागे सरले आहे. बोर्नच्या १८६६ च्या काचा, ऑडनचा नकाशा आणि नंतरच्या हौशी प्रवाशांचे अल्बम यांवरून बर्फ कुठे होते हे दाखवता येते. माझे १९९४ चे चौऱ्याऐंशी फोटोही या अर्थाने पुरावा आहेत. आता गोमुखच्या वाटेवर दिवसाला दीडशेच माणसांना परवाना मिळतो. तेव्हा तसे बंधन नव्हते. बर्फ मागे गेले, नियम बदलले, हे सारे सिद्ध करता येईल. पण कोणी विचारले, की तुम्हाला तिथे पोचवले कोणी, तर माझ्याकडे एक सावली आहे.

गेल्या हिवाळ्यात मी एक काम केले. अल्बममधला तो फोटो काढला आणि मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहिले : 'गोमुख, १९९४. उजवीकडची सावली माझी पिशवी वाहणाऱ्या नेपाळी गृहस्थांची. वय तिशीच्या आतबाहेर. डाव्या भुवईवर जुनी खूण. त्यांनी मला सांभाळून परत आणले. नाव विचारले होते, विसरलो.' शेवटचा शब्द लिहिताना हात अडखळला, पण तोच सर्वांत खरा आहे.

मग तरघरच्या त्या आजोबांकडे पुन्हा गेलो. डोंगराचे फोटो टेबलावर पसरले आणि विचारले, कोणाचे घर कुठे होते? त्यांनी एका फोटोत, डोंगराच्या पायथ्याशी, जिथे मला नुसती झाडी दिसत होती, तिथे बोट ठेवून एकेक नाव सांगायला सुरुवात केली. कोणाची विहीर, कोणाचे मिठागर, कोणाचे शेत. लिहून घेण्यापूर्वी मी विचारले, नाव लिहिले तर चालेल ना? बेगारीची वही माझ्या डोक्यात होती. ते म्हणाले, लिहा, पण बापाच्या नावासकट लिहा.

दोन बैठकांत सतरा फोटो झाले आहेत. अजून पावणेदोनशेवर बाकी आहेत, आणि आजोबांचे वय ब्याऐंशी. दिवाळी आटोपली, की रोज सकाळी जायचे असे ठरले आहे.