फिरंगरोग व जुनीं वैद्यकी बाडें

जुन्या वैद्यकी बाडांचा संग्रह करणाऱ्यांस एक गोष्ट परिचयाची असेल. ज्वर, अतिसार, अर्श, बाळंतरोग यांवरील पानें जपून ठेविलेलीं असतात. परंतु 'गरमी' व 'परमा' यांवरील मजकूर जेथें असावयाचा, तेथें पान फाडलेलें किंवा ओळींवर शाई फिरविलेली दिसते. नाशकांत, पंचवटींतील व जुन्या गांवांतील घरांतून, आमच्या पाहण्यांत हें अनेकदां आलें. घराण्याच्या लौकिकास बाध येऊं नये, हा यांतील हेतु उघड आहे. आमचें म्हणणें असें कीं, इतिहासदृष्ट्या हींच पानें बहुमोल होत.

आम्ही वैद्य नव्हों; संस्कृत शिकविण्यांत आमचें आयुष्य गेलें. तेव्हां प्रथम ग्रंथांची साक्ष पाहूं. सुश्रुताच्या निदानस्थानांतील बाराव्या अध्यायांत वृद्धि व श्लीपद यांच्या जोडीनें उपदंश सांगितला असून त्याचे पांच प्रकार केले आहेत. परंतु तें वर्णन मुख्यतः त्या स्थानींच्या व्रणाचें व सुजेचें आहे. पुढें नाक बसविणारा व हाडें झिजविणारा असा जो रोग, त्याचें सर्वश्रुत वर्णन सोळाव्या शतकांतील भावमिश्राच्या भावप्रकाशांत येतें. फिरंग देशांत हा रोग फार, म्हणून त्याचें नांव फिरंग; तो आगंतुक असून फिरंगी स्त्रीपुरुषांच्या संसर्गानें जडतो, असें भावमिश्र म्हणतो. बाह्य, आभ्यंतर व बहिरंतर्भव हे त्याचे तीन भेद; आणि कृशता, बलक्षय, नासाभंग, अग्निमांद्य, हाडें सुकणें व वांकडीं होणें हे उपद्रव.

नांवाविषयीं थोडा विवेक हवा. इ. स. १४९५ चे सुमारास नेपल्सवरील स्वारींत फ्रेंच सैन्यांत हा रोग फैलावला. इटालियन लोक त्यास फ्रेंचांचा रोग म्हणत, तर फ्रेंच लोक नेपल्सचा म्हणत. तीनच वर्षांनीं, १४९८ त, वास्को द गामा कालिकतास पोंचला, व १५१० त गोवें पोर्तुगीजांच्या हातीं गेलें. गोव्यास वैद्यकी करणारा गार्सिया द ओर्ता याचा औषधींवरील संवादग्रंथ १५६३ त (शके १४८५) तेथेंच छापला गेला. त्यांत चीनच्या मुळीचें प्रकरण असून ती या रोगावर देत असत, असें सांगितलें आहे. हीच आपली चोपचिनी. भावप्रकाशांत तिला द्वीपांतरवचा म्हटलें आहे. ती समुद्रमार्गें आली हें नांवच सांगतें.

यावरून कालनिर्णयाचें एक साधन हातीं येतें. ज्या पानावर 'फिरंग' हें रोगनाम, किंवा त्यावरील औषध म्हणून चोपचिनी आढळेल, तें पान कोणाही प्राचीन ऋषीच्या नांवावर असलें तरी त्याची रचना सोळाव्या शतकापूर्वींची मानतां येणार नाहीं. मात्र दोन सावधगिऱ्या ठेवाव्या. समासांत निराळ्या हातचें लिखाण असल्यास त्यावरून केवळ त्या भरीचाच काळ ठरतो. तसेंच 'उपदंश' शब्दावर विसंबूं नये. तो प्राचीन असून पुढील वैद्यांनीं फिरंगासही लाविला. सारांश, असें पान फाडणारा त्या बाडाची तिथीच फाडून टाकतो.

पूर्वींच्या वैद्यांचा अनुभवही या पानांत आहे. रसकर्पूर कणकेच्या गोळींत घालून, वर लवंगेचें चूर्ण लावून, दांतांस स्पर्श न होतां गिळावें. खारट, आंबट, ऊन, श्रम व स्त्रीसंग वर्ज्य करावा, असें भावमिश्र सांगतो. पाऱ्यानें तोंड येतें व दांत हालतात, याची जाणीव या विधीच्या मुळाशीं स्पष्ट दिसते. या रोगाचा जंतु १९०५ त शाउडिन व होफमान यांनीं दाखविला, आणि १९४३ त पेनिसिलीनचा गुण सिद्ध झाला. आज वेळीं औषध घेतल्यास फिरंग बरा होतो. न घेतल्यास वर्षांनीं हृदय व मेंदू यांस पोंचतो, आणि गर्भवतीच्या उदरांतील मुलास मारतो किंवा जन्मापासून रोगी करितो. परम्याचा जंतु नाइसरनें १८७९ त शोधला. तो स्त्रियांत पुष्कळदां कांहींच लक्षण न दाखवितां गर्भनलिका बंद करितो, व प्रसूतीच्या वेळीं अर्भकाचे डोळे घालवितो. आपल्या जुन्या घरांतून ज्या स्त्रियांस वांझ ठरवून वर सवत आणली गेली, त्यांतील कित्येकींच्या दुःखाचें मूळ पतीच्या परम्यांत असलें पाहिजे. तें लिहून ठेवणारें पानच घरानें नाहींसें केलें, तर त्या निर्दोष ठरणार कशा?

दोष स्त्रीवर टाकण्याची ही रीति सरकारनेंही चालविली. १८६४ च्या छावणी कायद्यान्वयें व १८६८ च्या सांसर्गिक रोगांच्या कायद्यान्वयें वेश्यांची नोंदणी व सक्तीची तपासणी होई. त्यांच्याकडे जाणाऱ्या पुरुषांची नोंदणी नव्हती. यांतील दुसरा कायदा १८८८ त रद्द झाला. पुढें रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिकांतून लैंगिक आरोग्यावर उघड लिहिलें, व त्याबद्दल लोकांचा रोष पतकरिला.

तात्पर्य, संग्राहकांस आमची विनंति इतकीच. असें पान सांपडल्यास तें बाडांतून वेगळें करूं नये. रोग्याचें वा घराण्याचें नांव असल्यास तें प्रसिद्ध करूं नये. परंतु निदान, मात्रा, अनुपान व पथ्य हीं जशींच्या तशीं उतरून घ्यावीं. शाई फिरविलेली असल्यास तसेंही नमूद करावें. ती शाईही इतिहासच होय.