काठी धनुष्याची, टोक लक्ष्याचे

‘शल्य’ हा शब्द आपण मराठीत दोन ठिकाणी वापरतो. मनाला सलत राहणारी गोष्ट ते शल्य, आणि रुग्णालयाच्या पाटीवर असतो तो शल्यचिकित्सक. दोन्हींच्या मुळाशी वस्तू एकच आहे : अंगात रुतलेले बाणाचे टोक. सुश्रुतसंहितेत शरीरात शिरून त्रास देणाऱ्या सगळ्याच वस्तूंना शल्य म्हटले आहे. पण त्यांत बाणाला अग्रस्थान आहे. त्याची टोके दोन प्रकारची : कान असलेली, म्हणजे मागे वळलेल्या आकड्यांची, आणि गुळगुळीत. कातडीखाली टोक नेमके कोठे आहे हे कळत नसेल तर थिजलेले तूप किंवा चंदनाचा लेप लावावा. जेथे तूप लवकर पातळ होते किंवा लेप आधी सुकतो, तेथे शल्य आहे असे समजावे. दाह झालेली जागा अधिक गरम असते, हे निरीक्षण त्यामागे आहे.

टोकाचे नाव जखमेवरून रूढ झाले, तर काठीचे नाव वनस्पतीवरून. ‘शर’ म्हणजे बाण, पण आधी ते एका उंच गवताचे नाव. ‘कांड’ म्हणजेही बाण. आपण उसाचे कांडे म्हणतो तेच हे कांड, दोन पेरांमधला भाग. पाठ्यपुस्तकातल्या चित्रात मात्र बाण म्हणजे एक सरळ रेघ आणि पुढे त्रिकोण! त्यामुळे मुलांना वाटते की कोणतीही काठी घ्यावी, तिला टोक करावे, झाला बाण. तसे असते तर नेमबाजीचा इतिहास फार सोपा झाला असता.

आधी टोक पाहू. कौटिलीय अर्थशास्त्रात (मुंबई विद्यापीठाने प्रा. कंगले यांनी संपादित केलेली संहिता १९६० साली प्रसिद्ध केली) आयुधागाराच्या प्रकरणात बाणांचे प्रकार दिले आहेत. काही वेळूचे, काही शराचे, काही लाकडाचे, तर नाराच हा लोखंडाचा. त्यांची टोके लोखंडाची, हाडाची किंवा लाकडाची असावीत, आणि ती तीन कामांसाठी : कापण्यासाठी, भोसकण्यासाठी आणि नुसता तडाखा देण्यासाठी.

आता एक मोठी उडी घेऊ. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातल्या जातिजमातींवर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात भिल्लांच्या भात्याचे वर्णन आहे. हा समाज आपल्याकडे नंदुरबार, धुळे, जळगाव या भागांत राहतो. धनुष्य बांबूचे, त्याची दोरीही बांबूच्या चिवट सालीची, आणि बांबूच्या चटईचा भाता. भात्यात सुमारे साठ बाण, प्रत्येक बाण वारभर लांब. काहींचे टोक सुरीसारखे चपटे व धारदार, काहींचे खिळ्यासारखे गोल, आणि पाखरे पाडायच्या बाणांना पुढे नुसती गोळी. म्हणजे कापणे, भोसकणे, तडाखा देणे! भिल्लांनी अर्थशास्त्र वाचले होते असे कोणी म्हणणार नाही. माझ्या मते उलटेच अधिक संभवते : राजाच्या कोठारातली यादी रानातल्या अनुभवावरूनच तयार झाली असावी.

यामागचे शास्त्र आठवीच्या पुस्तकातल्या दाबाच्या सूत्रात आहे. तेच बल लहान क्षेत्रफळावर पडले की दाब वाढतो, म्हणून खिळ्यासारखे टोक जाड चामड्यात किंवा चिलखतात शिरते. पण त्याने केलेले छिद्र लहान असते. रुंद, चपट्या पात्याला आत शिरायला अधिक जोर लागतो. मात्र ते शिरा कापत जाते, म्हणून मोठ्या जनावरासाठी ते बरे. लहान पक्ष्याला दोन्ही नकोत. तीक्ष्ण बाण त्याच्या आरपार जाईल किंवा फांदीत रुतून बसेल. बोथट गोळी सारी ऊर्जा तेथेच देऊन त्याला खाली पाडते. आकड्यांचे टोक पुन्हा निराळे. ते मागे ओढले तर जखम आणखी फाटते. म्हणूनच मनुस्मृतीत युद्धात कर्णी, विषारी आणि अग्नीने पेटवलेले बाण वापरू नयेत असे सांगितले आहे.

आता काठी. इ.स. १३६३ मध्ये शार्ङ्गधराने सुभाषितांचा एक मोठा संग्रह तयार केला. पीटर पीटरसन यांनी तो १८८८ साली मुंबईत छापला. त्यात धनुर्वेदाचाही भाग आहे. बाणाचा शर फार जाड नसावा, फार बारीक नसावा, कच्चा नसावा, वाईट जमिनीतला नसावा, चिरलेला नसावा. पेरे भरलेली असावीत, रंग पांढुरका पिवळा झालेला असावा आणि तो योग्य वेळी तोडलेला असावा. जाडी करंगळीएवढी. यातली ‘योग्य वेळ’ आपल्याकडचे बुरूडही पाळत आले आहेत. अंधाऱ्या पंधरवड्यात बांबू तोडावा असे जुनी माणसे सांगतात. चंद्राचे काय ते असो, पण हिवाळ्यात तोडलेला, पिठूळ अंश कमी असलेला जून बांबू किडीला लवकर बळी पडत नाही, हे खरे.

पण फार जाड नको आणि फार बारीकही नको, हे का? कल्पना करा, बाण धनुष्याच्या दांड्याच्या डाव्या अंगाला टेकलेला आहे. दोरी सोडली की ती दांड्याच्या मध्याकडे धावते. बाण पूर्ण ताठ असेल तर दांडा मध्ये आल्यामुळे त्याचे तोंड डावीकडे वळले पाहिजे. तरीही चांगला बाण सरळ जातो. या कोड्याला ‘धनुर्धराचा विरोधाभास’ हे नाव अमेरिकेत १९१३ साली रेंडटॉर्फ यांनी दिले. पुढे अतिवेगवान छायाचित्रांनी उत्तर दाखवले आणि भौतिकशास्त्रज्ञ पॉल क्लॉपस्टेग यांनी १९४३ साली त्यावर सविस्तर लिहिले. दोरीचा धक्का बसताच बाण वाकतो, दांड्याला वळसा घालतो, आणि मग सापासारखा दोन्ही बाजूंना लवत पुढे जातो. हे लवणे धनुष्याच्या जोराशी जुळले पाहिजे. उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्याचा बाण फार ताठ असेल तर तो डावीकडे जातो, फार लवचीक असेल तर उजवीकडे. म्हणून काठी निवडायची ती धनुष्य पाहून, टोक निवडायचे ते लक्ष्य पाहून. त्यात आणखी एक गुंतागुंत अशी, की टोक जड केले की तीच काठी अधिक वाकते. जड पात्याला ताठ काठीच हवी.

हे वर्गात मोजता येते. त्यासाठी बाण सोडण्याची गरज नाही, आणि सोडूही नये. नवी मुंबईसारख्या शहरातही बांबूच्या सारख्या लांबीच्या पाच-सहा काठ्या सहज मिळतील. दोन स्टुलांमध्ये ६६ सेंमी अंतर ठेवून काठी त्यावर आडवी ठेवा, मध्यभागी ९०० ग्रॅम वजन टांगा आणि काठी किती लवते ते पट्टीने मोजा. लाकडी बाणांसाठी पाश्चात्त्य कारागीर हीच रीत वापरतात : अंतर २६ इंच, वजन २ पौंड. २६ला लवणाने (इंचांत) भागले की ती काठी साधारण किती पौंड जोराच्या धनुष्याला चालेल ते मिळते. अर्धा इंच लवली तर ५२. भरीव गोल काठीचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो, त्यामुळे जाडी एक दशांशाने कमी झाली तरी लवण सुमारे दीडपट होते. करंगळीचे माप म्हणूनच ओबडधोबड नाही. तेथे जरा चूक झाली की बाण वाया.

पोकळ शर तेवढ्याच वजनाच्या भरीव काठीपेक्षा ताठ असतो, हा त्याचा मोठा गुण. दोष असा, की टोकाशी तो चिरतो. म्हणून लोखंडी पात्याला मागे शेपटी ठेवून ती पोकळीत बसवतात आणि वरून दोरा किंवा तात घट्ट गुंडाळतात. १५४५ साली बुडालेल्या आणि १९८२ साली वर काढलेल्या इंग्लंडच्या ‘मेरी रोझ’ जहाजावर साडेतीन हजारांहून अधिक बाण सापडले. ते भरीव लाकडाचे, बहुतेक पॉप्लरचे. अशा काठीवर टोपणासारखे टोक चढवणे सोयीचे.

लोखंडाच्या आधी काय होते, याचा पुरावा ठाणे खाडीच्या पलीकडच्या किनाऱ्यावर आहे. साष्टी बेट आणि मुंबईच्या परिसरात के. आर. यू. टॉड यांना नखाएवढी दगडी पाती मिळाली. त्यांवरचा त्यांचा लेख १९५० साली ‘एन्शन्ट इंडिया’त आला. चंद्रकोरीच्या, त्रिकोणाच्या आकाराची अशी पाती डिंकाने काठीत बसवून त्यांची टोके आणि आकडे करीत असत. पाते तुटले तर तेवढेच बदलायचे. नीट लवणारी काठी जपून ठेवायची, कारण तिला शोधायला, वाळवायला आणि निखाऱ्यावर शेकून सरळ करायला वेळ जातो.